बोरी तीन

नागनाथच्या पायाला भिंगरी आहे, असं त्याची बायको ऋतिका म्हणायची. आई वच्छलाबाईचं म्हणणं थोडं वेगळं: भिंगरी पायाला नाही, डोक्याला आहे, आणि ती बापाकडून आलीय. दोघींचंही खरं होतं. बोरीच्या स्टँडसमोर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि कॅमेरे बसवून द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाईक यावं तर हा टपरीवर गेलेला, टपरीवर जावं तर तिथून कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून जिंतूरला पसार. एका मशीनचे स्क्रू काढून झाले की ती तशीच ठेवून दुसरीचे काढायला घ्यायचा. खुर्चीत बसला तरी एक गुडघा सारखा हलायचा. अशा माणसाकडे लोक मशीन का आणत होते, याचं उत्तर सोपं आहे. बोरीत दुसरा नव्हता.

त्याचे वडील किशनराव याच धंद्यातले. कॉम्प्युटर म्हणजे काय हे परभणीत फार थोड्यांना माहीत होतं, त्या काळात ते स्टेशन रोडवरच्या एका दुकानात मशीन जोडायला होते. आडती, जिनिंग, तेलगिरण्या, जिथे म्हणून शेठजीला कॉम्प्युटर घेतल्याची हौस आली, तिथे किशनराव जाऊन तो बसवून द्यायचे. नागनाथ सात वर्षांचा असताना साध्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. मागे राहिला एक फोटो, एक लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर आणि लोकांचं बोलणं. लोक म्हणायचे, माणूस लय हुशार, पण काम थोडं आणि उचापती फार. वच्छलाबाई तर काहीच म्हणायची नाही. नागनाथला बापाचा चेहरा फोटोमुळे ठाऊक होता, आवाज मात्र काही केल्या आठवत नव्हता. गाठ पडली की म्हातारे लोक सांगायचे, “तुझा बाप काय बोलायचा रे, हसून हसून पोट दुखायचं.” काय बोलायचा, ते मात्र कुणालाच सांगता यायचं नाही. हे त्याला फार सलायचं.

या पावसाळ्यात तो गंगाखेड तालुक्यात राणीसावरगावला कॅमेरे बसवायला गेला. काम तात्यारावांकडे होतं. त्यांची एके काळी तेलाची गिरणी होती, आता ती बंद पडून तिथे मंगल कार्यालय उभं राहिलं होतं. काम आटोपल्यावर तात्यारावांनी माळ्यावर बोट केलं.

“वर एक डबडं पडलंय बघ. तुझ्या बापानं बसवलेलं हाय. मागं एकदा ते परत न्यायला आलता, काहीतरी बदलायचं म्हणून. मी म्हणलं, चालू मशीनला हात लावू नको बाबा. आता ने म्हणावं.”

बापाच्या हातचं म्हटल्यावर नागनाथला दम कुठला? ते धुळीनं भरलेलं खोकं आणि त्याचा जुना, पेटीएवढा मॉनिटर गाडीत टाकून तो बोरीला आला तो थेट दुकानात, जेवायलाही घरी गेला नाही. धूळ झटकली, वायरी तपासल्या, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

आता इथे थोडं थांबून सांगावं लागेल. कॉम्प्युटर चालू केल्या केल्या, बाकी काही यायच्या आधी, काळ्या पडद्यावर दोन-चार ओळी येतात. त्या ज्या प्रोग्रॅममुळे येतात त्याला बायोस म्हणतात. झोपलेल्या मशीनला शुद्धीवर आणायचं काम त्याचं. मेमरी किती, कीबोर्ड आहे का, डिस्क आहे का, सगळं चाचपून बघायचं आणि मग कारभार पुढच्याच्या हाती द्यायचा. असले बायोस बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्या, आणि त्यांची बोली इंग्रजी. कुठली आवृत्ती कधी निघाली याच्या याद्या इंटरनेटवर लावून ठेवलेल्या आहेत.

या पडद्यावर कंपनीच्या नावाच्या जागी लिहिलेलं होतं: बोरी ३.

अक्षरं इंग्रजी होती, बोली मात्र इथली. मेमरीचे आकडे पळायला लागले आणि त्यांच्याशेजारी उमटलं, “थांब. मोजायलाय.” मशीन इतकी वर्षं बंद, त्यामुळे आतलं घड्याळ मेलेलं. त्यावर ओळ आली, “येळ-काळ हाय का काही?” कीबोर्ड लावायचा राहिला होता. मशीननं विचारलं, “हात धुतले का?” नागनाथनं गडबडीनं कीबोर्ड जोडला, आणि शेवटी पडद्यावर आलं, “झालं. बसा जेवायला.”

नागनाथ आधी हसला. मग त्याच्या अंगावर काटा आला. मग तो एकटाच दुकानात इकडून तिकडे फिरायला लागला. बापाचं बोलणं! जे कुणालाच सांगता येत नव्हतं ते इथे पडद्यावर लिहिलेलं होतं. आणि काय साधं काम होतं ते? मूळ इंग्रजी वाक्य जेवढ्या अक्षरांचं, तेवढ्यात मराठी बसवायचं, एक अक्षर इकडे-तिकडे झालं तर मशीन उठणारच नाही. हे परभणीतल्या एका साध्या मेकॅनिकनं, इंटरनेट नसताना, कुणी शिकवलेलं नसताना केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आईला आणि ऋतिकाला दुकानात बोलावून आणलं. कीबोर्ड मुद्दाम काढून ठेवला, मोबाईलचा कॅमेरा चालू केला आणि पुन्हा बटण दाबलं. ओळी आल्या तशा त्यानं एकेक मोठ्यानं वाचून दाखवली. ऋतिका पदर तोंडाला लावून हसली.

“आई, बघ! बाबांचं काम हाय हे. बाबांचे शब्द हाईत!”

वच्छलाबाई पडद्याकडे बघत उभी राहिली. तिला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, पण नागनाथ वाचत होता ते ती ऐकत होती. मग ती वळली.

“मी जाते. चुलीवर भाकर करपायलीय,” ती म्हणाली.

चूल विझवून, दाराला कडी घालून ती आलेली होती, हे ऋतिकाला ठाऊक होतं. नागनाथला वाटलं, आईला भरून आलं. आपल्या समजुतीवर माणूस किती खूश असतो बघा, त्या दिवशी त्यानं दोन ठिकाणी हा किस्सा सांगितलासुद्धा.

तिसऱ्या वेळेला मशीन उठली नाही. बोर्डावरची जुनी बॅटरी गळून तिनं भोवतालच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकल्या होत्या, मशीन आधीच मरायला टेकलेली होती. नागनाथला त्याचं फार वाटलं नाही. बायोस असतो एका चिपमध्ये, आणि ती चिप धड होती. जुन्या मशीनचा नाद असलेल्या लोकांचा एक गट आहे, जगभरातले रिकामटेकडे म्हणा किंवा जाणकार म्हणा. त्यांना त्यानं फोटो पाठवले आणि ती मंडळी हलली. ही आवृत्ती कुठल्याच यादीत नव्हती. बोरी म्हणजे काय? एक आणि दोन कुठे आहेत? कुणी लिहिली? एकानं सांगितलं की असल्या चिपमध्ये शंभरावर वाक्यं असतात. तुम्ही पाहिलीत ती चार. बाकीची त्या-त्या वेळीच येतात, अमुक बिघडलं तर अमुक. चिप वाचून काढा, म्हणजे सगळी हाती येतील.

शंभरावर! नागनाथचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. बाप अजून बोलायचा शिल्लक होता आणि ते बोलणं एका नखाएवढ्या काचेमागे होतं. कारण या जुन्या चिपच्या पाठीवर एक गोल काच असते, आणि काचेतून कडक ऊन आत गेलं की लिहिलेलं पुसून जातं. म्हणून काचेवर कागद चिकटवतात. या कागदावर किशनरावांच्या अक्षरात “बो ३” लिहिलेलं होतं. गटातल्या झाडून साऱ्यांनी बजावलं: कागद काढू नका.

चिप वाचायचं यंत्र जवळपास एकाकडेच होतं, परभणीच्या बजरंगकडे. तो टीव्ही आणि वॉशिंग मशीनचे बोर्ड दुरुस्त करायचा आणि नागनाथचा जुना दोस्त होता. पण ते यंत्र नेमकं बिघडून पुण्याला गेलेलं. तेवढ्यात नागनाथलाही कॅमेऱ्याच्या कंपनीनं शिकवणीसाठी पुण्याला बोलावलं. येताना यंत्र घेऊनच येतो, असं ठरलं. दुकानात उंदरं फार, म्हणून चिपसकट बोर्ड त्यानं घरी फळीवर ठेवला. “ह्याला कुणी हात लावू नका,” एवढंच सांगितलं आणि गेला.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्यानं मोबाईलमधलं चित्रण लोकांसाठी टाकलं. “माझ्या बापाचा कॉम्प्युटर” असं वर लिहिलं. ते भराभर पसरलं. परभणी, हिंगोली, नांदेड, जिकडे तिकडे लोक हसायला लागले. बोरीच्या स्टँडवर पोरं एकमेकांना हाक मारायची ती “थांब, मोजायलाय” अशी. नागनाथ पुण्यात बसून किती जणांनी पाहिलं ते सारखं बघायचा. ऋतिकाचा फोन आला.

“अहो, आई गिरणीवर जाईनात. दळण मीच न्यायलेय.”

“गुडघे दुखायले असतील.”

“गुडघे न्हाई. गिरणीवाला त्यांना म्हणला, थांब वच्छलाबाई, मोजायलाय. बाया लय हसल्या.”

“मग काय झालं त्यात? कौतुक हाय ते!” असं म्हणून नागनाथनं फोन ठेवला. त्याला दुसरा फोन येत होता.

आठवड्याचं म्हणून गेला तो पंधरवडा काढून आला. घरी पोचला तेव्हा सगळीकडे ओल्या गोधड्यांचा वास होता. दसरा काढणं चाललं होतं. घट बसायच्या आधी घरातली चिंधी न् चिंधी धुवायची, भांडं न् भांडं घासायचं, जे धुता येत नाही त्याला ऊन दाखवायचं, ही आपल्याकडची रीत. भादव्याचं ऊन तर असं की दगडाचं पाणी व्हावं. नागनाथनं पिशवी खाली टाकली आणि आधी फळीकडे बघितलं. फळी पुसून लख्ख होती, तिच्यावर नवा कागद अंथरलेला होता आणि बोर्ड नव्हता.

तो दोन-दोन पायऱ्या घेत माळवदावर गेला. गोधड्या, उशा, डबे, पाट, जुनी सुटकेस. त्यांच्यामध्ये एका सुपात बोर्ड ठेवलेला होता. चिपवरचा कागद नव्हता. काच उन्हात चमकत होती.

“आई!”

त्यानं जी हाक मारली ती शेजारच्या तीन घरांनी ऐकली. वच्छलाबाई सावकाश वर आली, तिच्यामागे ऋतिका.

“ह्याला हात लावू नको म्हणलं व्हतं ना मी? कुणी ठिवलं हितं?”

“मी ठिवलं. दसरा काढलाय. समदं घर उन्हात घातलंय,” वच्छलाबाई म्हणाली.

“कवापासून?”

“तू गेलास तवापासून.”

नागनाथनं सूप उचललं. तोंडात आलेले शब्द त्यानं गिळले. कारण अडाणी माणसाला काय बोलायचं? तिला काय ठाऊक! नशिबाला दोष देत, न जेवता, तो तसाच परभणीला निघाला. वाटेतलं झरी गाव येईपर्यंत तो मनातल्या मनात आईला माफ करत होता, झरीच्या पुढे पुन्हा राग आला.

बजरंगनं चिप काढली, यंत्रात बसवली, वाचली. पडद्यावर एकच अक्षर वरपासून खालपर्यंत. कोरी चिप अशीच दिसते.

“पुसली, लेका,” बजरंग म्हणाला. मग त्यानं चिप भिंगाखाली धरली आणि बराच वेळ बघत राहिला. “कागद कुणी काढला?”

“आईनं.”

“नुसता वढून काढलेला न्हाई हा. गोंद चिकटून ऱ्हातंय काचंवर. हितं बघ, रॉकेलनं पुसून काढलंय, कडा सुदिक. दसऱ्याला कुणी एवढी नखाएवढी काच रॉकेलनं घासतंय का?”

नागनाथनं भिंग ओढून स्वतः बघितलं.

“ठिऊन जा माझ्यापाशी,” बजरंग म्हणाला. “उन्हानं पुसलेलं कधी कधी पुरतं जात न्हाई, फिकं पडतंय नुसतं. विजेचा दाब कमी करून वाचलं की थोडं थोडं वर येतंय. उद्या बघू.”

घरी येईपर्यंत नागनाथच्या डोक्यात तो रॉकेलचा बोळा फिरत होता. वच्छलाबाई अंगणात बसून वाळलेल्या गोधड्यांच्या घड्या घालत होती. तो समोर उभा राहिला.

“तुला माहीत व्हतं?”

“काय?”

“उन्हानं पुसतंय ते.”

वच्छलाबाईनं घडी पुरी केली. “व्हतं,” ती म्हणाली.

त्यानं दुसरं काहीही ऐकायची तयारी केली होती, हे नाही. तो खाली बसला आणि लगेच उठला.

“कामून? कामून केलंस मग? बाबांचं एवढं एकच ऱ्हायलं व्हतं. मला त्यांचा आवाज बी आठवत न्हाई, आई!”

“पुसायचं व्हतं, पुसलं. तुला काय करायचंय?”

“मला काय करायचंय? मपला बाप व्हता तो!”

“हाव,” वच्छलाबाई म्हणाली, “अन मपला नवरा.” आणि तिनं पुढची गोधडी ओढली.

त्या रात्री नागनाथला आईचा राग आला होता, असा की ज्याची त्याला स्वतःलाच भीती वाटावी. त्याला वाटलं, हिनं बापाला कधी ओळखलंच नाही. हुशार माणूस गळ्यात पडला आणि हिला भाकरीपलीकडे काही दिसलं नाही. असले विचार मनात आले की माणसाला त्यांची शरम वाटायला हवी, पण रागात ती वाटत नाही.

सकाळी चहा न घेता तो परभणीला गेला. बजरंगचा चेहरा फुललेला होता.

“ये, ये! निघायलंय बरं का. समदं न्हाई, अर्धं-मुर्धं. पर निघायलंय.”

पडद्यावर कचरा होता, चिन्हं आणि चौकोन, आणि मध्येच, भुईतून कोंब यावेत तशी, तुटकी वाक्यं. नागनाथ खुर्चीच्या कडेला बसला. बजरंग दाब थोडा थोडा कमी करत होता आणि दर वेळी एखादं अक्षर जागेवर येऊन बसत होतं. एक ओळ जुळली, “दार लाव, मांजर यायलंय.” दोघेही हसले. नागनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. मिळणार, सगळं मिळणार, असं त्याला झालं. आईनं काहीही केलं असो.

मग आणखी एक ओळ वर आली. बजरंगनं गाळलेली अक्षरं अंदाजानं भरली आणि वाचली.

“कूस रिकामी हाय. देवाची मर्जी.”

“हे कशाचं असंल?” ही ओळ कुठल्या बिघाडाला येते ते बजरंगनं शेजारच्या आकड्यावरून बघितलं, आणि एकदम टेबलावर थाप मारून हसत सुटला. “अरे, डिस्क सापडली न्हाई की हे येणार! डिस्क न्हाई, तर कूस रिकामी! काय डोस्कं म्हणावं का काय तुझ्या बापाचं! नाग्या, हे टाक आधी मोबाईलवर. त्या चार वळींनी एवढे हसले लोक, ह्याच्यानं तर येडे व्हतील.”

नागनाथ हसला नाही.

आपलं नाव नागनाथ का, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. लग्नानंतर किती तरी वर्षं वच्छलाबाईला मूल नव्हतं. बोरीतल्या बाया बारशाला तिला पुढे बसू द्यायच्या नाहीत. मग तिनं औंढ्याच्या नागनाथाला नवस केला, अनवाणी खेटे घातले, तेव्हा कुठे हा झाला. आणि ही मशीन त्याच्या जन्माच्या आधीची होती. ही ओळ लिहिली गेली तेव्हा घरात मूल नव्हतं. हे वाक्य किशनरावांनी कुठून आणलं असेल, हे सांगायला शिकलेला माणूस लागत नव्हता.

आणि मग एकामागून एक सगळ्याच ओळी त्याला ऐकू आल्या. हात धुतले का. येळ-काळ हाय का काही. बसा जेवायला. असं बाप बोलत नसतो. असं बापाला कुणीतरी बोलतं. एवढे दिवस बापाचा आवाज म्हणून तो जो कवटाळून बसला होता, तो आवाज अजूनही घरात रोज त्याच्याशी बोलत होता.

“बंद कर,” तो म्हणाला.

“अरे, अजून अर्धं ऱ्हायलंय. दुपारपर्यंत...”

“बंद कर, बजरंग. काढलेलं बी पुसून टाक.”

बजरंगला काही कळलं नाही, पण दोस्ताचा चेहरा बघून त्यानं पुसलं. चिप कागदात गुंडाळून दिली. नागनाथनं रस्त्यात गाडी थांबवून मोबाईल काढला आणि ते चित्रण काढून टाकलं. पण ज्यांनी पुढे पाठवायचं त्यांनी केव्हाच पाठवलं होतं. बोरीच्या स्टँडवर गाडी लावताना एका पोरानं आपुलकीनं हाक मारली, “नागूभाऊ, थांबा, मोजायलाय!” आणि चारचौघं हसली. नागनाथला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. पण त्या पोराला ते शिकवलं कुणी होतं?

वच्छलाबाई माळवदावर होती, राहिलेल्या उशा फिरवत होती. तो वर गेला आणि तिच्यापासून थोडा लांब टेकला.

“आई, मी ती वळ वाचली. रिकाम्या कुशीची.”

वच्छलाबाईचा हात थांबला. मग तिनं उशी खाली ठेवली.

“परभणीला मोंढ्यात एक आडत व्हती. तुझ्या बापानं तिथं मशीन बसवली व्हती. मला संगं नेलं, लुगडं घ्यायचं म्हणून. तिथला मुनीम म्हणला, वहिनी आल्यात, वहिनीला दाखवा. त्यांनी एक वायर काढली अन मशीन चालू केली. मला काय ती अक्षरं वाचता येतात? मग मुनीमानंच वाचून दाखवलं. मोठ्यानं. समदे हसायले. तुझा बाप बी हसायला.”

“अन तू?”

“मी बी हसले. चार मान्सांत काय करावं मग?”

खाली ऋतिका भांडी घासत होती, त्याचा आवाज येत होता. वच्छलाबाईनं उशीवरची नसलेली धूळ झटकली.

“त्यांच्या मनात वाईट नव्हतं रे. बायकोचे बोल मशीनमधी घातले म्हणजे मोठं कवतिक केलं, असं त्यांना वाटायचं. हात धुतले का, बसा जेवायला, ते मी त्यांना बोलायची, त्याचं काही न्हाई. पर ते एक मी त्यांना म्हणलं नव्हतं. ते मी देवापुढं बोलले व्हते. एकटी. ह्यांनी दाराआडून ऐकलं.”

त्याला बापाची लाज वाटली, आणि त्याच्या दुप्पट स्वतःची. बापानं चार मुनीम हसवले होते. यानं तीन जिल्हे हसवले होते.

“घरी येऊन मी भांडले न्हाई,” वच्छलाबाई म्हणाली. “बोलणंच सोडलं. मग लय दिसांनी त्यांचं त्यांना कळालं. गावोगाव फिरून समद्या चिपा काढून आणल्या अन हितं वर वाळू घातल्या, पापडावाणी. राखणीला मलाच बसवलं. म्हणले, कावळ्यानं एक जरी नेली तर पुन्हा सुरू व्हईल. एक तेवढी ऱ्हायली, राणीसावरगावची. तिची त्यांना मरंस्तोवर टोचणी व्हती.” तिनं उशी पालटली. “तू मशीन आणलीस तवाच मी वळखलं. म्हणलं, ती वळ ह्या मशीनवर अजून कुणी बघितली न्हाई, बघायच्या आधी पुसावी. गिरणीवर एवढं हसायलेत, ते हसू दे. ते एक नको.”

नागनाथनं खिशातून कागदाची पुडी काढली आणि सोडली. चिप तळहातावर घेतली. तिच्यात अजून अर्धे बोल होते. दाराचे, मांजराचे, आणखी कशाकशाचे. त्या बोलांसाठी तो महिनाभर तळमळत होता, आणि ते हवेसे वाटणं आत्ताही गेलं नव्हतं. त्यानं चिप माळवदाच्या कडेला, तापलेल्या पत्र्यावर ठेवली, काच वर करून. हात मागे घ्यायला त्याला वेळ लागला.

“पुरतं पुसलं नव्हतं, आई. अजून वाचता यायलंय.”

वच्छलाबाई उठून जवळ आली. चिपकडे बघितलं, वर सूर्याकडे बघितलं, मग शेजारच्या लिंबाकडे.

“तिथं दुपारून सावली येती,” ती म्हणाली. “हिकडं सरकव.”